'पुट अप विथ' : एका इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास

इंग्रजी भाषेच्या अभ्यासास लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस मोठमोठ्या शब्दांचें भय वाटतें. परंतु आमचा आजवरचा अनुभव असा आहे कीं, मोठे शब्द सहसा कोणास फसवीत नाहींत. लांबलचक शब्द आढळला म्हणजे विद्यार्थी थांबतो, कोश उघडतो आणि अर्थ पाहून पुढें जातो. फसवितात ते लहान शब्द. 'पुट', 'अप' आणि 'विथ' हे तीन शब्द पांचव्या इयत्तेंतील मुलासहि ठाऊक असतात. म्हणून त्यांच्यासाठीं कोणी कोश उघडीत नाहीं. हे तिघे एकत्र आले म्हणजे मात्र आपले मूळचे अर्थ टाकून देतात, आणि त्यांस ओळखीचे समजून चालल्यामुळें आपण भलतेंच कांहीं बोलून जातों. या तीन शब्दांच्या जोडीचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे. त्यास निमित्त झाली ती आमच्याच वर्गांतील एक वही.

गेल्या पावसाळ्यांत नववीच्या वर्गास आम्हीं 'माझें घर' या विषयावर इंग्रजींत निबंध लिहावयास सांगितला होता. वर्गांतील एक मुलगा काटोलपासून कांहीं कोसांवर असलेल्या खेड्यांतला आहे. त्याच्या गांवीं सातवीपुढें शिक्षणाची सोय नाहीं, म्हणून तो येथें आपल्या मामाकडे राहून शिकतो. मामा संत्र्यांच्या रोपवाटिकेंत कलमें करण्याच्या कामावर आहे. मुलगा कष्टाळू असून नवा शब्द वापरण्यापूर्वीं कोश पाहण्याची चांगली सवय त्याला आहे. त्याच्या निबंधाचें पहिलेंच वाक्य असें होतें : 'आय पुट अप विथ माय अंकल.' "मी माझ्या मामाकडे राहतों," असें त्यास म्हणावयाचें होतें. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकास मात्र त्या वाक्याचा अर्थ असा लागतो : "मी माझ्या मामाला कसाबसा सोसून घेतों."

वाक्य वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें, हें आम्ही कबूल करितों. निबंध एकंदरींत चांगला होता, व तो या वार्षिकांकाच्या इंग्रजी विभागासाठीं निवडावा असें आमच्या मनांत होतें. तसें आम्हीं मुलास सांगितलें, तेव्हां तो आनंदानें म्हणाला, "सर, अंक आला कीं मी मामाला दाखवीन. मामा तो त्याच्या मालकांना वाचायला देणार आहे." हें ऐकतांच आमचें हसूं मावळलें. मामास इंग्रजी येत नाहीं; पण मालकांस तें येतें. ज्या मनुष्यानें आपल्या दोन खोल्यांच्या घरांत भाच्यास जागा करून दिली, त्याच्याविषयीं त्या भाच्याच्याच लेखणींतून उतरलेलें असें वाक्य छापलें गेलें असतें, आणि तें मामास मालकांच्या तोंडून कळलें असतें. व्याकरणाच्या दृष्टीनें त्या वाक्यांत एकहि दोष नव्हता. दोष असता तर वाचकानें "मुलाची चूक झाली" म्हणून सोडून दिलें असतें. निर्दोष वाक्याची चूक अशी कोणी सोडून देत नाहीं. तें वाक्य खरें मानलें जातें. या कारणास्तव हा विषय केवळ गुणांचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

आम्हीं मुलास विचारिलें, "हें वाक्य तूं कसें बनविलेंस?" त्यानें सरळ उत्तर दिलें : "कोशांत 'पुट अप' म्हणजे उतरणें, मुक्काम करणें असें आहे, सर. 'विथ' म्हणजे सह. म्हणून मी मामासह मुक्काम करितों." या विचारसरणींत आळस नाहीं, अविचारहि नाहीं. गणितांत अशाच रीतीनें बेरीज करितात. हीच चूक आपल्या देशांत शिकलेसवरलेले लोकहि बोलतांना करितात. "मी सध्यां माझ्या भावाकडे राहतों" हें सांगतांना 'पुटिंग अप विथ माय ब्रदर' असें म्हणणारे सद्गृहस्थ आम्हीं स्वतः ऐकिले आहेत. तेव्हां मुलास दोष देण्यापूर्वीं या शब्दांची बेरीज कां चुकते तें पाहिलें पाहिजे.

इंग्रजींत क्रियापदास 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इन' यांसारखे लहान शब्द जोडून अगदीं नव्या अर्थाचीं क्रियापदें तयार होतात. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला सुप्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं अशा क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला असून परकीयांस तीं सर्वांत अधिक अडचणींत टाकितात हेंहि मान्य केलें आहे. या क्रियापदांस इंग्रजींत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हें नांव त्या मानानें अलीकडचें आहे. लोगन पिअर्सॉल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत तें योजिलें, आणि ऑक्सफर्ड येथील मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनीं तें आपणांस सुचविलें असें सांगितलें. आपण सोयीसाठीं या लेखांत त्यांस 'जोडक्रियापदें' म्हणूं.

आतां 'पुट अप' या जोडीचा संसार पाहा. 'पुट' म्हणजे ठेवणें आणि 'अप' म्हणजे वर. 'पुट अप युअर हँड' म्हणजे हात वर कर. येथें दोन्ही शब्द आपापल्या अर्थानें हजर आहेत. 'दे पुट अप अ टेंट' म्हणजे त्यांनीं तंबू उभारिला. येथेंहि 'वर' हा भाव दिसतो. 'द शॉपकीपर पुट अप द प्राइस' म्हणजे दुकानदारानें किंमत वाढविली. येथें वर गेली ती वस्तु नव्हे, तिचा भाव. पुढें 'वुई पुट अप ॲट अ लॉज' म्हणजे आम्ही एका लॉजमध्यें उतरलों. आणि 'माय अंकल पुट मी अप फॉर द नाइट' म्हणजे मामानें मला रात्रीपुरता आसरा दिला. येथें 'ठेवणें' व 'वर' हे दोन्ही अर्थ पुसट झाले आहेत. शेवटीं 'विथ' येऊन मिळतो आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें असा अर्थ होतो. येथें मूळ अर्थांचा मागमूसहि राहत नाहीं. या सर्व वाक्यांतून विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. उतरण्याच्या अर्थीं 'पुट अप' च्या पुढें 'ॲट' येतो, 'विथ' येत नाहीं. शिवाय तें उतरणें एकदोन दिवसांचें असतें. जो मुलगा वर्षानुवर्षें मामाकडे राहतो त्यानें 'आय लिव्ह विथ माय अंकल' असेंच म्हणावें. कांहीं दिवसांच्या पाहुण्यानें 'आय ॲम स्टेइंग विथ माय अंकल' असें म्हणावें.

हें सर्व ऐकून वर्गांतील एकानें विचारिलें, "सर, इंग्रजांनीं आपली भाषा इतकी वांकडी कां ठेवली?" त्यास उत्तर म्हणून आम्हीं त्या मुलाच्या मामाच्याच कामाचा दाखला दिला. संत्र्याचें कलम करितांना जंबेरीच्या खुंटाची साल चाकूनें उभी-आडवी चिरतात, जातिवंत संत्र्याच्या झाडावरील एक डोळा काढून त्या चिरेंत बसवितात आणि वरून पट्टी बांधतात. या क्रियेस आपल्या भागांत 'डोळा भरणें' असें म्हणतात. आतां अशी कल्पना करा कीं, एक परदेशी गृहस्थ काटोलास येऊन मराठी शिकत आहे. रोपवाटिकेंत त्यानें 'डोळा भरणें' शिकून घेतलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें ऐकलें कीं, मुलगा परगांवीं निघाला तेव्हां आईचे डोळे भरून आले. तो बिचारा समजेल कीं, आई कलमांचें काम आटोपून आली! आणि तिसऱ्या दिवशीं आजीनें नातवाला डोळे भरून पाहिलें असें ऐकल्यावर तर तो वहीच मिटून ठेवील. 'डोळा' तोच, 'भरणें' तेंच. एका ठिकाणीं कलम, दुसऱ्या ठिकाणीं अश्रु, तिसऱ्या ठिकाणीं तृप्ति. 

बागाइतदाराच्या बोलण्यांत असे प्रयोग पावलोपावलीं आहेत. संत्र्याच्या झाडास 'ताण देणें' म्हणजे फुलें येण्यापूर्वीं कांहीं काळ त्याचें पाणी बंद ठेवणें, आणि 'बहार धरणें' म्हणजे आंबिया किंवा मृग यांपैकीं कोणत्या फुलोऱ्याचें फळ घ्यावयाचें तें ठरवून त्याप्रमाणें झाडाची मशागत करणें. यांत हातानें कोणी कांहीं देत नाहीं आणि कोणी कांहीं धरीत नाहीं. घरांतील बोलणें घ्या : 'त्यानें सर्व सांगून टाकलें' यांत फेकणें नाहीं, आणि 'तो भलतेंच करून बसला' यांत बसणें नाहीं. आपण हें सर्व आईच्या मांडीवर शिकलों, म्हणून त्याचें नवल वाटत नाहीं. 

ज्यांस तें प्रौढपणीं शिकावें लागलें, त्यांस याचे कष्ट ठाऊक होते. विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं श्रीरामपुराहून मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. मोल्सवर्थ यांनीं कँडी बंधूंच्या व शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें मराठी-इंग्रजी कोश रचून १८३१ सालीं तो छापविला, आणि त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं काढिली. टॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं आला. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले, तेव्हां त्यांनाहि आपल्या लोकांशीं बोलण्यासाठीं आपली भाषा शिकावी लागली. आज आपण 'पुट अप विथ' पाशीं अडखळतों, तसे ते आपल्या क्रियापदांपाशीं अडखळले असतील. आणि जे शिकले ते सुटे शब्द मोजून नव्हे, तर लोकांच्या तोंडचीं अखंड वाक्यें ऐकून शिकले. हीच रीति आपणांसहि धरावी लागेल.

'पुट अप विथ' हा अर्थ आला कोठून, असा प्रश्न जिज्ञासु विद्यार्थ्याच्या मनांत येईल. त्याचें उत्तर मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजी लेखनांत 'पुट अप' म्हणजे एखादी वस्तु पिशवींत, पेटींत किंवा म्यानांत घालून ठेवणें असाहि अर्थ होता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय काढून पाहा. गेथशेमाने बागेंत पेत्रानें तरवार उपसली असतां प्रभूनें ती म्यानांत घालण्याची त्यास आज्ञा केली. त्या आज्ञेंत हेंच 'पुट अप' योजिलें आहे. पुढें ज्याप्रमाणें वस्तु पिशवींत घालावी, त्याप्रमाणें झालेला अपमान मुकाट्यानें आपल्यापाशीं ठेवून घेणें, त्याचा बदला न मागणें, या अर्थींहि 'पुट अप' वापरूं लागले. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकांत सोसलेल्या अन्यायासंबंधीं बोलतांना एक पात्र तें याच अर्थानें वापरतें, आणि तेथें 'विथ' नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास 'विथ' जोडलेलें रूप रुळलें आणि तेंच आज चालू आहे.

मराठीशीं ताडून पाहिलें तर येथें एक सुंदर साम्य दिसतें. इंग्रजानें दुसऱ्याचा अपराध पिशवींत घातला; आपण तो 'पोटांत घालतों'. दोन्ही ठिकाणीं भाव एकच आहे : जें बाहेर काढून भांडण करितां आलें असतें, तें आंत ठेवून दिलें. मात्र परिणामांत भेद आहे. 'अपराध पोटांत घालणें' यांत क्षमा आहे. 'पुट अप विथ' यांत क्षमा असेलच असें नाहीं. तेथें माणूस सोसतो, पण त्रास वाटत असतांना सोसतो. हा सूक्ष्म भेद ज्यास समजला, त्याच्या हातून मामाविषयींचें तें वाक्य कधींहि लिहिलें जाणार नाहीं.

आतां या क्रियापदाच्या उपयोगाविषयीं कांहीं नियम देतों.

पहिला नियम. हे तीन शब्द एकमेकांपासून तोडतां येत नाहींत, आणि ज्याला सोसावयाचें तें नाम किंवा सर्वनाम नेहमीं त्यांच्या शेवटीं येतें. 'आय पुट अप विथ द नॉइज' आणि 'आय पुट अप विथ इट' हीं वाक्यें शुद्ध आहेत. 'आय पुट इट अप विथ' हें अशुद्ध आहे. तंबूच्या बाबतींत मात्र 'वुई पुट इट अप' असेंच म्हणावें लागतें; तेथें सर्वनाम मधें येतें. 

दुसरा नियम. 'पुट' चें रूप भूतकाळांत बदलत नाहीं. 'येस्टर्डे ही पुट अप विथ द हीट' असें म्हणावें. 'पुटेड' असा शब्द इंग्रजींत या क्रियापदास नाहीं. वर्तमानकाळीं तृतीय पुरुषाच्या एकवचनांत 'पुट्स' होतें, म्हणून 'ही पुट्स अप विथ द हीट'. 

तिसरा नियम. जें सोसावयाचें तें त्रासदायक असलें पाहिजे, आणि बहुधा तो त्रास कांहीं काळ चालणारा असतो. मे महिन्यांतील आपल्याकडील ऊन, पुन्हापुन्हा जाणारी वीज, शेजाऱ्याचा कर्णा, उशिरां येणारी बस यांविषयीं हें क्रियापद शोभतें. 'आय पुट अप विथ ऑरेंजेस' असें काटोलच्या मुलानें म्हटलें तर त्यास संत्रीं आवडत नाहींत असा अर्थ होईल, आणि त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाहीं! 

चौथा नियम. हें क्रियापद बहुधा 'कॅनॉट', 'विल नॉट' किंवा 'हॅव टु' यांच्या संगतींत आढळतें. 'वुई हॅव टु पुट अप विथ द हीट इन मे' म्हणजे मे महिन्यांत ऊन सोसण्यावांचून गत्यंतर नाहीं. 'आवर टीचर विल नॉट पुट अप विथ लेझिनेस' म्हणजे आमचे शिक्षक आळस खपवून घेणार नाहींत. 

पांचवा नियम. यापुढें दुसरें क्रियापद आणावयाचें असेल तर त्यास 'इंग' प्रत्यय लागतो. 'आय पुट अप विथ वेटिंग' हें बरोबर. 'आय पुट अप विथ टु वेट' हें चूक. 

सहावा नियम. प्रश्नांत किंवा संबंधी वाक्यांत 'विथ' वाक्याच्या अगदीं शेवटीं एकटाच राहतो : 'व्हॉट डु यू हॅव टु पुट अप विथ?' म्हणजे तुला काय काय सोसावें लागतें? कवि ड्रायडन यांनीं १६७२ सालीं वाक्याच्या शेवटीं असा लहान शब्द ठेवण्यास दूषण दिलें होतें, आणि पुढें कित्येक शिक्षकांनीं तो दंडकच करून टाकिला. परंतु या क्रियापदाच्या बाबतींत तो दंडक पाळावयास गेलें तर वाक्य हास्यास्पद होतें. विद्यार्थ्यांनीं 'विथ' निःशंकपणें शेवटीं ठेवावा. 

सातवा नियम. हा प्रयोग संभाषणांत, पत्रांत व गोष्टींत शोभतो. सरकारी अर्जांत किंवा गंभीर निबंधांत 'टॉलरेट' अथवा 'एन्ड्युअर' हे शब्द घालावे.

मराठींत याचें भाषांतर करितांना एकाच शब्दानें काम भागत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. नकारार्थीं वाक्य असेल तर 'खपवून घेणें' हें सर्वांत जवळचें आहे. वस्तूविषयीं बोलणें असेल तर 'चालवून घेणें' बरें : जुन्या सायकलीवर हें वर्ष चालवून घेतलें. ऊन, थंडी, दुखणें यांस 'सोसणें' योग्य. 'सांभाळून घेणें' हें मात्र येथें योजूं नये; कारण त्यांत दुसऱ्याची उणीव झांकून त्यास आधार देण्याचा प्रेमळ भाव आहे, आणि तो 'पुट अप विथ' या शब्दांत मुळीं नाहीं. 

भाषा बदलते तसे पवित्र शास्त्राचे शब्दहि नव्यानें योजावे लागतात. मत्तयाच्या सतराव्या अध्यायांत शिष्यांस एका आजारी मुलास बरें करितां आलें नाहीं, तेव्हां या पिढीचें आणखी किती काळ सोसावें असें प्रभु उद्गारतो. १६११ सालच्या भाषांतरांत तेथें 'सफर' हें क्रियापद आहे. त्या शब्दाचा तो अर्थ आजच्या वाचकास सहज कळत नाहीं, म्हणून १९७८ सालीं पूर्ण प्रसिद्ध झालेल्या 'न्यू इंटरनॅशनल व्हर्शन' मध्यें तेथें 'पुट अप विथ' घातलें आहे. आमच्या मुलाचें क्रियापद आणि प्रभूच्या मुखांतील क्रियापद एकच. फरक इतकाच कीं, तेथें सोसणारा कोण आणि ज्याचें सोसावयाचें तो कोण, हें नीट समजून लिहिलें आहे.

जोडक्रियापदें शिकण्यासाठीं आम्ही विद्यार्थ्यांस एक साधी रीति सुचवितों. एक निराळी वही करावी. तींत नुसतें क्रियापद व त्यापुढें अर्थ असें लिहूं नये. वाचनांत आलेलें संपूर्ण वाक्य उतरून घ्यावें. खालीं कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगीं म्हटलें तें एका ओळींत मांडावें. नंतर आपल्या घरांतला किंवा गांवांतला एक प्रसंग घेऊन स्वतःचें वाक्य रचावें. आणि शेवटीं स्वतःस विचारावें कीं, ज्याच्याविषयीं हें वाक्य आहे त्यानें तें वाचलें तर त्यास काय वाटेल? हा शेवटचा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकांत आढळत नाहीं, परंतु आमच्या मतें त्यावांचून कोणतीहि भाषा पूर्णपणें आली असें होत नाहीं.

आतां त्या वहीची हकीकत पुरी करितों. आम्हीं वाक्यावर तांबडी शाई ओढिली नाहीं. मुलास जवळ बोलावून अर्थ तेवढा सांगितला. त्याचें तोंड उतरलें. बराच वेळ तो कांहीं बोलेना. मग हळूच म्हणाला, "सर, सोसतो तर मामा." दुसऱ्या दिवशीं त्यानें निबंध पुन्हा लिहून आणिला. त्याचा आरंभ असा होता : 'आय लिव्ह विथ माय अंकल. ही पुट्स अप विथ मी.' त्याखालीं मामा काय काय सोसतो तें त्यानें एकेक करून लिहिलें होतें : मुलाच्या अभ्यासासाठीं मध्यरात्रीपर्यंत जळणारा दिवा, पहांटे कामावर जावयाचें असतांना मोडणारी झोंप, त्याच्या सायकलीचें वारंवार होणारें पंक्चर, आणि मामीच्या हातची भाजी पानांत टाकण्याची त्याची खोड. नववीच्या मुलानें 'पुट अप विथ' चा याहून शुद्ध उपयोग केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो निबंध याच अंकाच्या इंग्रजी विभागांत वाचकांस आढळेल.

पुढें पालकसभेच्या दिवशीं मामा शाळेंत आले. त्यांच्या बोटांवर चाकूचे जुने वण होते. "पोट्टं अभ्यास करते का जी बराबर?" असें त्यांनीं विचारिलें. आम्हीं तो निबंध मराठींत त्यांस वाचून दाखविला. "मामा माझें सोसतो" या वाक्याशीं त्यांनीं आम्हांस थांबविलें आणि जरा संकोचून म्हणाले, "त्यात सोसाचं काय हाय जी? घरचंच त पोट्टं हाय." आम्हीं मान डोलाविली. मुलगा भिंतीशीं उभा होता. त्याचे डोळे भरून आले.

अभ्यासासाठीं खालील वाक्यांचें इंग्रजी भाषांतर करावें.

१. आम्ही नागपुरास एका लॉजमध्यें उतरलों होतों.

२. माझी बहीण गेलीं तीन वर्षें मावशीकडे राहते.

३. शेजाऱ्यांच्या कर्ण्याचा आवाज आम्हांस रोज सोसावा लागतो.

४. खेळांतील लबाडी आमचे कप्तान खपवून घेणार नाहींत.

५. त्यानें माझा अपराध पोटांत घातला.

६. त्यांत सोसावयाचें काय आहे? घरचाच तर मुलगा आहे.

पांचव्या वाक्यांत 'पुट अप विथ' येणार नाहीं, याचें कारण वर सांगितलेंच आहे. सहाव्या वाक्याच्या पूर्वार्धांत तें येईल. उत्तरार्धांतील 'घरचाच' या शब्दास आम्हांस अद्याप पुरतें समाधान देणारा इंग्रजी प्रतिशब्द सांपडलेला नाहीं. ज्या विद्यार्थ्यास तो सांपडेल, त्यानें आम्हांस अवश्य कळवावें.